झोपलेल्या माणसाचा अंगठा

मी सब-रजिस्ट्रार होतो असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जरा पुढे ओढतो. त्याला बनावट सह्यांच्या, मेलेल्या माणसाच्या नावाने झालेल्या खरेदीखतांच्या गोष्टी ऐकायच्या असतात. तसलं काही मी पाहिलं नाही असं नाही. पण या लेखात मी दुपारच्या झोपेबद्दल लिहिणार आहे. माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक दुपारी झाली, आणि त्यातल्या त्यात बरं म्हणता येईल असं एक कामही दुपारीच झालं.

आमचं काम बाहेरून वाटतं त्याहून फार साधं असतं. शेत, घर, जागा यांचे कागद लोक अर्जनवीसाकडून लिहून घेतात, साक्षीदारांसमोर त्यावर सही किंवा अंगठा करतात आणि मग आमच्याकडे नोंदवायला आणतात. कागद न्याय्य आहे की अन्याय्य, हे आम्ही पाहायचं नसतं. देणाऱ्याने मूर्खपणा केला तरी तो त्याचा हक्क आहे. आम्ही लिहून देणाऱ्याला समोर बसवायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. हा कागद तुमचा का? यातला मजकूर तुम्हाला समजला का? अंगठा तुम्ही आपखुशीने दिला का? तो हो म्हणाला की आमच्या वहीत त्याचा आणखी एक अंगठा घ्यायचा, शिक्का मारायचा, सही करायची. तो ‘हो’ एवढीच आमच्या खात्याची सगळी इमारत. ती एकदा उभी राहिली की मला स्वतःलाही पाडता येत नसे. मग दिवाणी कोर्ट, वकील आणि वर्षं.

आता झोपेकडे येतो. आमच्या वऱ्हाडात चैत्र लागला की कचेऱ्या सकाळच्या होत. सातला उघडायच्या, साडेअकराला बंद. नागपूरच्या साहेबलोकांनी काढलेल्या हुकुमांपैकी खेड्यातल्या माणसाला मनापासून पटलेला बहुधा हा एकच हुकूम असावा. त्यानंतर गाव जे आडवं होई ते उन्हं कलेपर्यंत. दुकानदार गादीवर, हमाल पोत्यांवर, गाडीवान गाडीखाली. याला आळस म्हणणारे लोक मला पुढे पुष्कळ भेटले. ते पहाटे चारला उठून मोट हाकणारे नव्हते. माझे वडील उठत. ते दुपारी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली पटक्याची उशी करून अर्धा तास झोपत, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही भावंडं त्यांच्या सावलीवरसुद्धा पाय देत नसू.

मी पुढे शिकलो तोही एका माणसाच्या दुपारच्या झोपेच्या आधाराने. मराठी चौथीनंतर मास्तरांनी वडिलांना समजावून मला मेहकरला पाठवलं. तिथे एका अत्तारमियाँनी मला त्यांच्या दुकानामागच्या ओट्यावर राहायला जागा दिली. मोबदला काही घेतला नाही. अट एकच घातली, “बेटा, दोपहर में आवाज नको.” आम्हा पोरांना मोठ्याने घोकल्याशिवाय अभ्यास होतो हे माहीतच नव्हतं. पहिले काही दिवस मी पुस्तक उघडून नुसता ओठ हलवत बसे. मग ओठही थांबले. मनातल्या मनात वाचायला मी शिकलो ते त्या झोपलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसून. अमरावतीच्या कॉलेजात परीक्षेला त्याचा मला जो उपयोग झाला तो कुणाही प्रोफेसरपेक्षा जास्त होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झाल्याची तार आली तेव्हा वडिलांनी ती अत्तारमियाँना दाखवायला मला मेहकरला पाठवलं. दुपार होती. ते उठेपर्यंत मी तार हातात धरून ओट्यावर बसून राहिलो.

हे सगळं असूनही माझ्या हातून ती चूक झाली. कचेरी कोणत्या गावची ते मुद्दाम लिहीत नाही. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, पौषाचे दिवस, म्हणजे कचेरी दिवसभराची. नथ्थूजी नावाचा एक म्हातारा शेतकरी मोठ्या मुलाबरोबर आला. मुलाने गावात आल्याबरोबर बापाला खानावळीत पोटभर जेवू घातलं होतं. दोनच्या सुमाराला ते माझ्यासमोर बसले. म्हाताऱ्याचे डोळे जड होते. मी विचारलं, “कागद तुमचाच ना?” मान हलली. “समजला?” मान हलली. “आपखुशीने?” पुन्हा हलली. बाहेर पंधरा माणसं खोळंबली होती. मी शिक्का मारला.

पुढच्या बाजारी म्हातारा एकटाच आला आणि पायरीवर बसला.

“साहेब, म्हनतेत का म्या सारं वावर थोरल्याले लिहून देल्लं. केव्हा देल्लं जी?”

मी त्याला वही दाखवली. त्याने आपला अंगठा पाहिला, नख त्यावर ठेवून पाहिलं. मग म्हणाला, “हाव, माहाच हाय.” मी म्हणालो, कोर्टात दाद मागता येईल. तो म्हणाला, “पोरगंच हाय, त्याच्यावर काय दावा लावू? पन धाकल्याले काय सांगू?” तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो कितीतरी बाजारांना यायचा, रामराम करायचा, पायरीवर घटकाभर बसून निघून जायचा. मी त्या कचेरीतून बदलून गेलो तेव्हा मला पहिल्यांदा पायरीकडे न पाहता कामाला बसता आलं, हे कबूल करतो.

तेव्हापासून मी दुपारच्या ‘हो’ला भिऊ लागलो. माणसाला जांभई आली की मी त्याला म्हणायचो, जा, बाहेर जरा पडा, मग या. लोक हसत. गफूरमियाँ नावाचे माझे चपराशी होते, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते पक्षकारांना बजावत, “झोप काढून या, भाऊ. हा साहेब जागेपणाची सही मागते.” एकदा दोन भाऊ वाटणीपत्र घेऊन आले. इतके भांडलेले की येताना गाड्यासुद्धा वेगळ्या. सकाळची कचेरी बंद व्हायला आली होती, तसल्या उन्हात परतणं शक्य नव्हतं. दोघांनाही अंगणातल्या एकाच निंबाखाली पडावं लागलं, कारण दुसरी सावलीच नव्हती. चारला उठले तेव्हा धाकटा थोरल्याला म्हणत होता, “तू अजून तसाच घोरतं बे.” वाटणी झालीच, पण विहीर सामाईक ठेवून नवा कागद आणला. झोपून उठल्यावर माणूस थोडा वेळ मऊ असतो, एवढं मला त्या दिवशी समजलं.

आता जे सांगायचं ते.

सुलतानपूरकडच्या एका खेड्यातून पुंजाजी नावाचा गृहस्थ अर्ज घेऊन आला. त्याची काकू, तुळसाबाई, फार म्हातारी झाली, गाडीत बसवत नाही, तेव्हा साहेबांनी घरी येऊन बक्षीसपत्र नोंदवावं. आजारी आणि वृद्ध माणसांसाठी तशी सोय असे. घर आणि तीन एकर वावर तिला तिच्या बापाने लग्नात आंदण दिलेलं, म्हणजे तिचं स्वतःचं. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. सगळं पुंजाजीच्या नावाने करायचं होतं. त्यात वावगं काही दिसेना. तिचं वावर तोच कसत होता, दाणे तोच आणून टाकत होता.

“कधी येऊ?” मी विचारलं.

“दुपारीच या साहेब. सकाळी काकू देवात राह्यते, सांजीले तिले दिसत नाही.”

दुपार म्हटल्यावर माझ्या मनात काहीतरी टोचलं. पण अर्ज रीतसर होता. मी पहाटे चारला उठलो, सकाळची कचेरी उरकली आणि गफूरमियाँना घेऊन दमणीतून निघालो. पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. ऊन असं की बैलांनी अंगणात पाय ठेवल्याबरोबर सावली धरली.

दोन खणांचं सारवलेलं घर, पुढे ओसरी. आत बाजेवर तुळसाआजी. उशाशी एक चाळिशीची बाई पदराने माश्या वारत उभी होती. ही गंगू, आजीच्या नणंदेची मुलगी. नवऱ्याने टाकली म्हणून सोळा वर्षांपूर्वी मामीकडे आली ती इथेच राहिली. आजीचं न्हाणं, जेवण, सगळं तीच बघे. कागदात तिचं नाव कुठेही नव्हतं.

पुंजाजीने त्या दिवशी काकूला शिरापुरी जेवू घातली होती. भांडी अजून चुलीपाशी पडलेली होती. कागदावर आजीचा अंगठा आधीच उठलेला होता, साक्षीदार ओसरीत हजर होते. माझ्या वहीत दुसरा अंगठा तेवढा उठायचा राहिला होता. पुंजाजीने आजीला पाठीला हात लावून बसतं केलं.

“काकू, साहेब आले. हाव म्हन.”

“हाव,” आजी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मी खाली बसलो. “आजी, हा कागद तुमचा का?”

“हाव.”

“वाचून दाखवला होता?”

“हाव बाप्पा.”

“तुमचं नाव काय?”

“हाव.”

गफूरमियाँनी तोंडावर रुमाल धरला. मी पुन्हा विचारलं, “आजी, आज वार कोणता?”

“हाव,” म्हणून आजी पुंजाजीच्या खांद्यावर कलंडली.

“पाहा साहेब,” पुंजाजी म्हणाला, “हाव म्हनून राह्यली.” आणि शाईची गादी पुढे सरकवली.

मी गादीचं झाकण लावलं. “निजू द्या त्यांना. मी थांबतो.”

“कितीक येळ?”

“उठेपर्यंत.”

“म्हातारं मानूस साहेब, पाच वाजवंल. म्या उठवतो ना तिले.” त्याने तिचा दंड हलवला. तेव्हा गंगू पहिल्यांदा बोलली. “झोपू द्या हो दादा. साहेब थांबतो म्हनतेत तं काऊन हालवता?”

“तू चूप. तुले कोनं इचारलं?”

गंगू पुन्हा पदर हलवू लागली. तिच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की या घरात कुणाचं काय जाणार आहे. पुंजाजीला एक दिवस उशीर होणार होता. आजीचे किती दिवस राहिले होते देव जाणे. पण या बाईचं छप्पर त्या एका ‘हाव’वर होतं. मला त्यात बोलायचा अधिकार नव्हता. कायद्याने मला थांबता मात्र येत होतं.

मी ओसरीत येऊन घोंगडीवर बसलो. पक्षकाराच्या घरचं मी पाण्याशिवाय काही घेत नसे, पाणी प्यायलो. पुंजाजी अंगणात येरझारा घालत होता, एक साक्षीदार कंटाळून घरी गेला. वारं पडलेलं होतं. वहीची पेटी मांडीशी ओढून मी भिंतीला टेकलो, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हं अंगणाच्या पार टोकाला गेली होती. माझ्या डोक्याखाली वाकळेची घडी होती. उशाशी तुळसाआजी बसली होती आणि ताडाच्या पंख्याने मला वारा घालत होती. मी धडपडून उठायला लागलो.

“पड, पड. घाई नको करू. घाईनं उठलं तं डोकं दुखते.”

कोपऱ्यात पेटीवर हात ठेवून गफूरमियाँ बसले होते. ते हळूच म्हणाले, “साब, आजी तीन बजेसे उठलीय. तुम्हाले हात लावू देईना. समोरच्या घरचं कांडण बंद करायले लावलं, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढायले लावल्या. पुंजाजीभाऊ खोकलले तं त्याहीले बाहेर धाडलं.”

पुंजाजी खरंच रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, आवाज न करता.

“कुठला बाबू तू?” आजीने विचारलं. मी गाव सांगितलं. बापाचं नाव विचारलं, माय आहे का विचारलं, वावर किती, पाणी कोणत्या विहिरीचं, किती शिकला, कोणी शिकवलं. माझी कचेरीतली भाषा केव्हाच गळून पडली होती. मी ‘मले’ आणि ‘त्याईले’ करत सगळं सांगत गेलो. तिने तोंड धुवायला पाणी दिलं आणि मग म्हणाली, “आता तुहं काम सांग.”

मी कागद सगळा वाचून दाखवला, सावकाश. ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. पुंजाजी येऊन खांबाला टेकला. वाचून झाल्यावर तिने कागद डोळ्यांजवळ नेला.

“अंगठा माहाच दिसते. पन म्या केव्हा देल्ला?”

“परवा नाही का काकू,” पुंजाजी म्हणाला, “जेवल्यावर.”

“जेवल्यावर म्या कोनाले हाव नाही म्हनत रे?” आजी म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. “सारं लिहिलं याच्यात. शेवग्याचं झाड लिहिलं. गंगूचं काऊन नाही लिहिलं?”

“गंगूले कोन काढते काकू?”

“काढत नाही तं लिहाले काय झालं होतं?”

पुंजाजी नखाने खांब खरवडू लागला. तो वाईट माणूस नव्हता. ज्याला नाही म्हणण्याची कधी कुणाची हिंमत झाली नाही असा माणूस होता, एवढंच. आजी माझ्याकडे वळली. “हा कागद माहा नाही बाप्पा. तसं लिही.”

मी लिहिलं. देणार कागद आपला असल्याचे नाकारतात, सबब नोंदणी नाकारली. त्याखाली तिचा अंगठा घेतला. गंगू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ती आजीच्या हाताची शाई पुसायला चिंधी आणायला आत गेली.

त्यानंतर आठ दिवसांत माझ्यावर तक्रार गेली. सब-रजिस्ट्रार सरकारी कामावर असता पक्षकाराच्या ओसरीत दोन तास झोपले. वरून खुलासा मागवला. मी मोठमोठे खुलासे मनात रचले, कायद्याची कलमं काढली. शेवटी एकच ओळ लिहिली, की होय, झोपलो होतो. ताकीद मिळाली. ती माझ्या नोकरीच्या पुस्तकात अजून आहे आणि तिने माझी एक बढती नक्कीच लांबवली. गफूरमियाँ म्हणत, “साब, खुलासे में इतना सच कोई लिखता है?”

पण ती ताकीद पोचायच्या आधीच एका सकाळी कचेरीसमोर छकडा थांबला. गाडीत बसवत नाही म्हणत होते ती तुळसाआजी गंगूचा हात धरून उतरली. छकडा पुंजाजीच हाकत होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “साहेब, म्या तुमच्यावर एक अर्ज धाडला होता. आता तो वापस कसा घ्यावा?” मी म्हणालो, “पोचला असंल तो. जाऊ द्या.” तो मान खाली घालून म्हणाला, “रागात होतो जी.”

नवा कागद आजीने स्वतः अर्जनवीसापुढे बसून लिहवून घेतला होता. वावर पुंजाजीला. घर गंगूला. मी तीनही प्रश्न विचारले. उत्तरं देताना आजी माझ्याकडे अशी पाहत होती, जशी एखादी मास्तरीण पोराच्या पाठांतराकडे पाहते. पुंजाजीने आजीची ओळख पटवणारा म्हणून वहीत सही केली. मग मी पावती गंगूच्या हातात दिली, कारण घर आता तिचं होतं. तिने ती दोन्ही हातांत धरली.

“आता मले कोनी जा म्हनंल काय जी?”

सब-रजिस्ट्रारने कायद्याचा सल्ला द्यायचा नसतो. मी म्हणालो, “नाही. कोणीच नाही.”

साडेअकरा होत आले होते. बाहेर ऊन पेटलं होतं, म्हणून पक्षकारांच्या खोलीत त्यांना टेकायला सांगून मी राहिलेल्या सह्या करायला बसलो. सह्या संपवून उठलो तर आजी दाराशी जागी बसली होती आणि तिने बोट ओठांवर ठेवलेलं. तिच्यामागे थंड फरशीवर गंगू झोपली होती. पाय पोटाशी घेतलेले, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. लहान मूल झोपतं तशी.

“सोळा सालात,” आजी कुजबुजली, “हिले दिवसा झोपलेली म्या नाही पाह्यली. म्या म्हनो, पड ना व गंगे, दम घे. तं म्हने, मामी, दुसऱ्याच्या घरी दिवसा कसं झोपावं.”

पुंजाजी गाडी जुंपायची का विचारायला आला. आजीने त्याला हातानेच खाली बसवलं. तो भिंतीशी बसला, मग तोही हळूहळू पेंगू लागला. गफूरमियाँ किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत धरून उभे होते.

कचेरी बंद झाल्याची वेळ मी त्या दिवशी नोंदवहीत साडेअकराच लिहिली. गफूरमियाँनी खरोखर कुलूप लावलं तेव्हा चार वाजून गेले होते.